बाहेरून कुलूप, आतून कुकरची शिट्टी: थ्रिलरची पहिली दोन मिनिटं प्लॅन करताना

मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या ग्रुपला प्रोजेक्ट मिळाला तो असा, थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात बनवायची, दोन मिनिटांची, आणि टायटल्स त्या दोन मिनिटांतच यायला हवीत. शॉर्टफिल्म नाही, हे सरांनी मुद्दाम बजावून सांगितलं. शॉर्टफिल्मला शेवट लागतो. सुरुवातीला शेवट नको, तिला एक असा प्रश्न लागतो की बघणाऱ्याला पुढचे दोन तास उठून जाता येऊ नये. ऐकायला सोपं वाटतं पण प्लॅनिंगला बसलो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्या एका प्रश्नावरच गेला आणि तो तसा गेला हे मला आजही बरोबरच वाटतं, कॅमेरा कुठला, लाइट किती, हे सगळं नंतर होतं.

पहिल्या मीटिंगला प्रत्येकाने आयडिया आणल्या त्या साधारण एकाच घरातल्या होत्या. हुडी घातलेला माणूस, रिकामं गोडाऊन, भिंतीवर चिकटवलेले फोटो आणि लाल दोरे, अनोळखी नंबरवरून फोन. वाईट काही नाही त्यात, पण हे सगळं दुसऱ्या सिनेमांतून आलेलं, आमच्या कुणाच्याही आयुष्यात गोडाऊन नाही आणि लाल दोरेही नाहीत. मग लोकेशनची यादी केली, शिवडीच्या खाडीकडचा रस्ता, माझगावची गोदामांची गल्ली, रात्रीचा लोकलचा रिकामा डबा. लोकलचा डबा सगळ्यांनाच आवडला होता पण रेल्वेच्या हद्दीत शूट करायचं तर रेल्वेची वेगळी परवानगी, त्याची फी, त्यांच्या अटी, आणि चोरून शूट करायला मी तरी तयार नव्हते, कारण स्टेशनवर पकडले गेलो तर कॉलेजचं नाव जातं आणि मेमरी कार्डही जातं.

पण खरं कारण परवानगीचं नव्हतंच. मी लालबागला चाळीत वाढले. मुंबईत माणूस एकटा पडतो कुठे? वरच्या मजल्यावर कोणी मोठ्याने शिंकलं तरी खाली कळतं. त्यामुळे 'सुनसान जागा आणि एकटी मुलगी' ही भीती मला उसनी वाटायची. आमच्याकडची भीती वेगळी आहे. आजूबाजूला दीडशे माणसं आहेत, सगळे ओळखीचे, आणि तरीही एका दाराआड काय चाललंय ते कुणाला कळत नाही. ही भीती मला माहितीये, ती मला दाखवता येईल, असं मी ग्रुपला सांगितलं आणि तिथून आमचं काम खरं सुरू झालं.

सरांनी आम्हाला थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण परत वाचायला लावलं. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने १९६२ साली त्याची लांबलचक मुलाखत घेतली त्यात ते आहे. दोन माणसं टेबलावर गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधीच बघितलेलं असेल तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हल'ची सुरुवात म्हणजे हेच, पहिल्याच क्षणी एक हात बॉम्बचा टायमर लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट न देता ती गाडी गर्दीतून हळूहळू जात राहते. आम्ही ते परत परत बघितलं. कॅमेऱ्याची करामत तर आहेच, पण आपण ते बघत बसतो ते आपल्याला माहिती आहे आणि गाडीतल्या जोडप्याला नाही म्हणून.

त्यानंतर मी एक तक्ता बनवला आणि माझ्या मते आमच्या सगळ्या प्लॅनिंगमधला सगळ्यात उपयोगी कागद तोच. डावीकडे सेकंद, शून्य ते एकशेवीस. पुढे तीन रकाने. प्रेक्षकाला काय माहिती आहे, गोष्टीतल्या मुलीला काय माहिती आहे, गुन्हा करणाऱ्या माणसाला काय माहिती आहे. स्क्रिप्ट नंतर लिहिली, शॉट्स त्याच्याही नंतर. कुठल्याही सेकंदाला तिन्ही रकाने सारखे भरले गेले तर तिथे थ्रिल नाही, ती जागा बदलायची, इतका साधा नियम ठेवला.

आयडिया अशी ठरली. गणपतीचे दिवस, चाळीच्या चौकात सार्वजनिक आरती चालू आहे, सगळी चाळ खाली. तिसऱ्या मजल्यावर एक पुरुषाचा हात एका दाराला बाहेरून कुलूप लावतो, बोटात तांब्याची अंगठी. कुलूप कोयंड्यात अजून हलतंय तोवर कट, आणि आपण खोलीच्या आत, एका बाईचा तळहात आतून दार बडवतोय. खाली आरतीत तीच अंगठी झांज वाजवताना दिसते. आई मुलीला म्हणते, "अगं, कापूर संपला बघ, वर जाऊन आण पटकन." मुलगी जिना चढते, त्या दारावरून जाते, तिच्यासाठी ते नुसतं कुलूप लावलेलं दार आहे, माणसं कुठेतरी गेली असतील. आणि मग आतून कुकरची शिट्टी होते.

बाहेरून कुलूप, आतून शिट्टी. हे सुचलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी आपापल्या वहीत ते लिहून घेतलं.

आता एखाद्याला वाटेल की झालं, आयडिया मिळाली, शूट करा. पण मी ही गोष्ट आमच्या मजल्यावरच्या एका आजींना सांगितली. सत्तरी ओलांडलेल्या, सगळा जन्म चाळीत, सिनेमाचं शिक्षण वगैरे काही नाही आणि त्यांनी जे प्रश्न विचारले ते आमच्या वर्गात कुणी विचारले नव्हते. पहिला, "ती बाई ओरडत का नाही गं?" दुसरा, "कुकरमध्ये पाणी कधी घातलं तिने? रिकाम्या कुकरला शिट्टी होते होय?" आणि तिसरं त्या सहज बोलून गेल्या, "आम्ही तर कुणाकडे तीन शिट्ट्या झाल्या आणि गॅस बंद झाला नाही की हाक मारतो." त्या वाक्यावरून सिनेमाचं नाव मिळालं, 'तिसरी शिट्टी'. दोन मिनिटांत फक्त पहिली शिट्टी ऐकू येणार, उरलेल्या दोन पुढच्या सिनेमात, म्हणजे नाव स्क्रीनवर येतं तेव्हाच बघणारा मोजायला लागतो.

ओरडत का नाही, हा प्रश्न मात्र मोठा होता आणि त्याचं उत्तर शोधताना आमच्या ओपनिंगची सगळ्यात चांगली जागा सापडली. ती ओरडतेच आहे, दारही बडवतेच आहे, पण खाली झांजा आणि टाळ्या इतक्या चालू आहेत की काही ऐकूच जात नाही. मग आम्ही ठरवलं की तळहात दारावर आपटताना दिसेल पण आवाज दाराचा नाही येणार, झांजेचा येईल. बरोबर त्याच फ्रेमला. हात पडतो आणि झांज वाजते, हात पडतो आणि झांज वाजते. कॅमेरा आत आणि कान खाली, चौकात. खालच्या माणसांना जेवढं ऐकू येतंय तेवढंच प्रेक्षकाला ऐकू येणार पण दिसणार सगळं. मग तो हात थांबतो. ती विचार करते. तिचा चेहरा आम्ही दाखवणारच नाहीये, फक्त हात, हिरव्या बांगड्या, तांब्याने कुकरमध्ये पाणी ओतणं, झाकण, शिट्टी बसवणं, काडी ओढणं. बाईने हार मानली नाही, तिने हत्यार बदललं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण थ्रिलरच्या पहिल्या दोन मिनिटांत बाई म्हणजे नुसती बळी, किंचाळणारी, पळणारी, असं ठरून गेल्यासारखं झालंय आणि इथे ती बंद खोलीत बसून डोकं चालवतेय.

आरती निवडली ती वातावरणनिर्मितीसाठी नाही. आरतीला स्वतःची एक रचना आहे आणि ती प्रत्येक मराठी माणसाच्या कानात बसलेली आहे. एकामागून एक आरत्या, शेवटाकडे घालीन लोटांगण, तिथे टाळ्या-झांजांची लय चढत चढत जाते, लोक स्वतःभोवती फिरतात, आणि मग मंत्रपुष्पांजली, वाद्यं थांबतात, हातात फुलं-अक्षता, नुसते आवाज, तेही संथ. म्हणजे थ्रिलरला जो चढता ताल लागतो आणि त्यानंतर जी शांतता लागते ती दोन्ही तिथे आयतीच आहेत, वेगळं बॅकग्राउंड म्युझिक लावायची गरजच नाही. शिवाय वेळ किती गेला हेही कळतं. कुलूप लागतं तेव्हा पहिली आरती चालू आहे, मुलगी जिना चढते तेव्हा शेवटची, मधली पंधरा-वीस मिनिटं गेली हे घड्याळ न दाखवता आपल्या प्रेक्षकाला समजतं आणि तेवढ्यात कुकरला प्रेशर येतं. बाहेरच्या माणसाला हा हिशोब कदाचित नाही कळणार, पण मुंबईतल्या माणसाला कळणार आणि आम्ही आधी त्याच्यासाठी बनवतोय.

घालीन लोटांगणला सगळे फिरतात यावरून अजून एक शॉट मिळाला. वरून, गॅलरीतून, खालचा सगळा चौक. सगळी माणसं स्वतःभोवती फिरतायत आणि एक माणूस फिरत नाहीये, तो वर बघतोय.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण स्टुडंट फिल्ममध्ये आवाजाचं प्लॅनिंग शेवटी होतं, एडिटला बसल्यावर, आणि आमच्या गोष्टीत तर आवाज हाच पुरावा आहे. सरांनी यासाठी फ्रिट्झ लांगचा १९३१ चा 'एम' बघायला सांगितला होता. त्यात खुन्याची ओळख म्हणजे त्याची शीळ, एक ठरावीक सूर तो वाजवतो आणि पुढे एक आंधळा फुगेवाला नुसत्या त्या शिळेवरून त्याला ओळखतो. बोलपट नुकते आले होते तेव्हाचा हा सिनेमा. दिसत नाही पण ऐकू येतं, यातली ताकद त्यांना तेव्हाच कळली होती.

आमची आरती आम्ही खऱ्या गणपतीत रेकॉर्ड केली, मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधी विचारून, कशासाठी हवंय ते नीट सांगून. बाजारातली कॅसेट-सीडीवरची आरती वापरायची नाही हे आधीच ठरलेलं, आरती पारंपरिक असली तरी त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचे हक्क कुणाचे तरी असतात, आपल्याकडच्या कायद्यात साउंड रेकॉर्डिंगला साठ वर्षांचं संरक्षण आहे. आणि तसंही स्टुडिओतली गोड आरती नकोच होती, आम्हाला बेसूर काका हवे होते, लहान पोरांचं मध्येच ओरडणं हवं होतं. फोनवर रेकॉर्ड करायचं टाळलं कारण फोन आवाज आपोआप वरखाली करतो, झांज वाजली की सगळं दाबतो आणि थांबली की वर खेचतो. कॉलेजच्या हँडी रेकॉर्डरवर लेव्हल हाताने सेट केली, झांजेच्या टोकाला आवाज फाटू नये म्हणून बरीच खाली. मंडळात आरती रोज होते त्यामुळे वेगवेगळ्या संध्याकाळी वेगवेगळ्या जागेवरून घेता आलं, चौकात अगदी मध्ये उभं राहून, जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, आणि आमच्या स्वतःच्या खोलीत दार-खिडकी बंद करून. हे सगळं एडिटमध्ये फिल्टर लावून करता येतं, दाराआडून येणाऱ्या आवाजातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापायच्या वगैरे, पण खऱ्या खोलीत घेतलेल्या आवाजाला जी खोली असते, पंख्याची घरघर, कुठेतरी नळ, ती फिल्टरने येत नाही.

कुकरची शिट्टीही तशीच, रेकॉर्डर बंद दाराबाहेर ठेवून घेतली. शिट्टी सांगितल्या वेळी होत नाही, कुकरला प्रेशर आलं की मगच ती उचलली जाते, त्यामुळे शूटच्या वेळी शिट्टीची वाट बघत अख्खं युनिट बसवून ठेवणं शक्यच नाही. आधी रेकॉर्ड केलेली शिट्टी शूटला स्पीकरवर वाजवायची, म्हणजे मुलीचं काम करणारी मैत्रीण खऱ्या आवाजाला दचकेल आणि नंतर एडिटला चांगला आवाज बसवायचा. शिट्टीची जागा मंत्रपुष्पांजलीतल्या त्या ठिकाणी ठरवली जिथे म्हणणारे दम घ्यायला क्षणभर थांबतात.

लोकेशन म्हणून आमची स्वतःची चाळ नाही वापरता आली, एका विंगचं रिडेव्हलपमेंटचं काम सुरू आहे, पत्रे लागलेत. मुंबईत आता चाळ शोधायची म्हणजे घाईच करायला लागते, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या आसपासच्या, १९२० च्या दशकात बांधलेल्या, तिथेही टॉवर उभे राहतायत. ज्या चाळीत मी लहानाची मोठी झाले तशी अजून काही वर्षांनी शूट करायला मिळेल की नाही कुणास ठाऊक, हेही मनात होतं. शेवटी गिरगावातली एक लाकडी जिन्याची चाळ मिळाली, ग्रुपमधल्या एकाची मावशी तिथे राहते. मावशींनी सेक्रेटरी काकांना सांगितलं, आम्ही कॉलेजचं पत्र नेलं, काकांनी सगळी गोष्ट विचारून घेतली आणि दोन अटी घातल्या, रात्री साडेनऊनंतर आवाज नाही आणि चाळीचं नाव दिसता कामा नये. दोन्ही रास्त. मूर्ती फ्रेममध्ये घ्यायची नाही हे आमचं आम्हीच ठरवलं होतं, निरांजनाचा उजेड माणसांच्या चेहऱ्यावर पुरेसा आहे, आणि ज्या गोष्टीत लोकांची श्रद्धा आहे ती आमच्या थ्रिलरचं प्रॉपर्टीचं सामान होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम मोकळे झाले, झांजा आमच्याकडच्याच घ्या म्हणाले.

रस्त्यावरचा एकही शॉट ठेवला नाही. रस्ता आला की पोलिस स्टेशनचं पत्र, वॉर्ड ऑफिस, सगळं सुरू होतं. राज्य सरकारची गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारी एक खिडकी योजना आहे, ज्यांना सार्वजनिक जागा हवीच आहे त्यांनी तो रस्ता धरावा, पण दोन मिनिटांच्या कामात चौक, जिना, गॅलरी आणि एक खोली एवढ्यात भागत असेल तर भागवावं.

आता लेन्स. कॉलेजकडून कॅमेरा मिळतो त्याच्याबरोबर १८-५५ मिमीची झूम होणारी किट लेन्स आणि एक ५० मिमीची प्राइम, म्हणजे झूम न होणारी. सगळ्यांना ५० आवडते, मागचं छान ब्लर होतं, पण आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ५० म्हणजे जवळपास ८० सारखी होते, सगळं अजून जवळ आणते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ती लावली की पाठ भिंतीला टेकते तरी अर्धा हातच दिसतो. मग खोलीतले वाइड शॉट्स १८ वर, आणि हात-कुकरचे क्लोजअप ५० वर, तेवढं जमतं. ५० चा खरा उपयोग चौकाच्या पलीकडून. चाळ इंग्रजी सी सारखी आहे, समोरच्या विंगच्या गॅलरीत ट्रायपॉड लावला की मुलगी गॅलरीतून चालताना लांबून दिसते, कठड्याच्या मधून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, आणि आपोआप असं वाटतं की कोणीतरी तिला बघतंय. कोण ते सांगायचं नाही. गॅलरी अगदी अरुंद, एका बाजूला दारं, एका बाजूला कठडा, म्हणून कॅमेरा कायम कठड्याच्या बाजूला राहील असं ठरवून टाकलं, नाहीतर मुलगी एका शॉटला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे चालताना दिसली की जागेचा सगळा हिशोब बिघडतो, आणि या गोष्टीत कुठलं दार किती अंतरावर आहे हे प्रेक्षकाला पक्कं माहिती हवं.

चाळीत ट्यूबलाइट असतात आणि त्या आम्हाला हव्याच होत्या, तो हिरवट पांढरा उजेड दुसऱ्या कशाने येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवायचं, म्हणजे ट्यूबलाइट फडफडत नाही. फोनचे ३० फ्रेम आणि १/६० घेतलं की पट्टे सरकताना दिसतात. एक्स्ट्रा लाइट म्हणून बॅटरीवरचे छोटे एलईडी पॅनल, कारण जुन्या चाळीच्या वायरिंगवर हॅलोजनचा लोड टाकायचा नाही. खोलीत कुकरच्या मागे एक पॅनल लपवलं की वाफ उठून दिसते, समोरून लाइट मारला तर वाफ दिसतच नाही, हे घरच्या ओट्यावर टॉर्च घेऊन करून बघितलं.

आकाश मात्र आपल्या हातात नाही. मला वरच्या शॉटला गडद निळं आकाश हवं होतं, पूर्ण काळं नको. मुंबईत सूर्य मावळल्यावर तो उजेड फार टिकत नाही, वीस-बावीस मिनिटं धरायची. आणि शूट ठेवलंय दिवाळीनंतर, कारण गणपतीत पाऊस असतो आणि खऱ्या आरतीच्या वेळी लोकांना आमच्यासाठी थांबवणं बरोबर नाही. पण दिवाळीनंतर म्हणजे गॅलऱ्यांमध्ये आकाशकंदील! चौकाच्या पलीकडून घेतलेल्या शॉटला प्रत्येक मजल्यावर कंदील लटकताना दिसले तर गणपती कोण मानणार. बरेच जण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील ठेवतात, म्हणून शूट त्याच्याही पुढे ढकललं. कॅलेंडरवर सबमिशनच्या तारखेआधी हीच एक गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलीये.

टायटल्सवर आमच्या एडिटिंगवालीने जीव ओतलाय. ग्राफिक डिझायनर सॉल बासने हिचकॉकच्या सिनेमांची टायटल्स केली तेव्हापासून थ्रिलरची टायटल्स म्हणजे नुसती नावांची यादी नाही, ती सिनेमाचाच भाग. इंग्रजी थ्रिलरमध्ये अक्षरं लांब लांब पसरवतात, बारीक, मध्ये भरपूर जागा, आणि आपण तेच मराठीत करायला गेलो की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर डोक्यावर छोटी काठी घेऊन वेगळं उभं राहतं. मग तिने उलटं केलं. अक्षरं जवळच ठेवली आणि शिरोरेषाच लांबवली, ती रेघ फ्रेमच्या एका कडेपासून येते, कोयंड्याच्या आडव्या कडीवरून पुढे सरकते आणि तिच्याखाली नाव उमटतं. फॉन्ट 'मुक्त' नावाचा घेतला, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, मोफत वापरता येतो, बारीकपासून जाडपर्यंत सगळी वजनं आहेत. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करणाऱ्यांसाठी सांगते, प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर बदला, नाहीतर 'शिट्टी' या शब्दाची पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षर फुटतं. नावांचा क्रम नेहमीसारखाच, आधी निर्मिती संस्था, मग कलाकार, सिनेमाचं नाव, मग संगीत, संकलन, छायाचित्रण, लेखन आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शन, फक्त आमच्याकडे 'तिसरी शिट्टी' हे नाव एकशेवीसाव्या सेकंदाला येतं, त्यामुळे दिग्दर्शनाचं नाव त्याच्याआधी जिन्यातच उरकलंय.

प्रोजेक्ट फाइलमध्ये प्रेक्षकवर्ग आणि सर्टिफिकेटही लिहायचं असतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरच्या यूए मध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आलेत, आम्ही यूए १६+ लिहिलं. रक्त नाही, हत्यार नाही, पण घरात कोंडलेली बाई हा विषय पुढे कुठे जाणार हे आम्हाला माहिती आहे. हत्यार न ठेवण्याचं अजून एक कारण, मुंबईत चाळीच्या गॅलरीत खोटं पिस्तूल घेऊन कोणी दिसलं तर समोरच्या इमारतीतून फोन जायला वेळ लागत नाही. सुरक्षेच्या कागदात सगळ्यात वर गॅस लिहिलाय. काडी ओढण्याचा शॉट खरा, पण त्यावेळी खोलीत फक्त तिघं, खिडकी उघडी, लाइटच्या वायरी ओट्यापासून लांब, आणि बाहेरून कुलूप लावायच्या शॉटला आत कुणीच नाही. किल्ली मावशींच्या हातात, आमच्या नाही.

स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं चित्र, मी काढला, काड्यांची माणसं, पण हातांची चित्रं नीट काढली कारण आमचे अर्धे शॉट्स हातांचेच आहेत. मग फोनवर फोटो काढून ते टाइमलाइनवर टाकले आणि खाली खरी आरती लावली. तेव्हा कळतं काय लांबतंय. जिना कागदावर सुंदर होता, आवाज लावल्यावर मध्येच श्वास सुटत होता म्हणून तो निम्म्यावर आणला आणि उरलेले सेकंद मुलगी शिट्टीनंतर वळते तिथे दिले. आजींना तो फोटोंचा व्हिडिओ दाखवला. शिट्टी झाली तशा त्या लगेच म्हणाल्या, "अगं, बघ ना आत कोण आहे ते!" हे वाक्य त्या स्क्रीनवरच्या मुलीला म्हणाल्या. मी ते तसंच तक्त्यात खाली लिहून ठेवलंय.

शूटच्या दिवसाचा क्रम आकाशाप्रमाणे लावलाय. दुपारी खोलीतले हात, पाणी, कुकर, दार बडवणं, खिडकीला काळं कापड लावून. संध्याकाळी उजेड जायच्या आत वरून चौकाचा शॉट, त्यासाठी चाळीतले काका-काकू आणि पोरं मिळून तीसेक माणसं येणार आहेत, साडी-झब्बा नेसून-घालून, चहा आणि वडापाव आमच्याकडून. अंधार पडला की जिना आणि गॅलरी. अंगठीवाल्या माणसाचं काम सेक्रेटरी काकांनीच घेतलंय, ते कॉलेजात असताना एकांकिका करायचे, आणि वर बघायचं तेव्हा रागाने नको, फक्त मोजल्यासारखं बघा, एवढंच मी त्यांना सांगितलंय. शिट्टीनंतरची शेवटची नजर आम्ही दोन प्रकारे घेणार, एकदा त्यांना शिट्टी ऐकू आलेली आहे अशी आणि एकदा न ऐकू आलेली, कारण तक्त्यातला तिसरा रकाना शेवटच्या सेकंदाला भरायचा की रिकामा ठेवायचा यावर ग्रुपमध्ये अजून एकमत नाही. माझं मत रिकामा ठेवायच्या बाजूने आहे.